व्हिएन्नातली कॉफी आणि टोपीभर अळंब्या

आमच्या मोरावियातल्या त्रेबीचहून सकाळी बसनं निघालं की जेवायच्या आत व्हिएन्ना येतं. मला तिथं पोचायला साठी ओलांडावी लागली. मध्ये डोंगर नव्हता, समुद्र नव्हता. सरहद्दीवर काटेरी तार होती, आणि ती तार शाळेच्या नकाशात दाखवायची पद्धत नव्हती. मी भूगोलाचा मास्तर. उभा जन्म हातात छडी घेऊन पोरांना भिंतीवरच्या नकाशात व्हिएन्ना दाखवत आलो. "व्हिएन्ना कुठं आहे?" म्हटलं की सगळा वर्ग एका सुरात ओरडायचा, "डॅन्यूबच्या काठी, सर!" एखादा आगाऊ पोरगा विचारायचा, "सर, तुम्ही पाहिलंय?" मग मी त्याला ऑस्ट्रेलियातल्या नद्या विचारत असे.

शेवटी ती तार निघाली, आणि नव्वद सालच्या सप्टेंबरात आमच्या गावच्या मधमाशीपालक संघानं व्हिएन्नाची दोन दिवसांची सहल काढली. सहल फक्त सभासदांसाठी होती, आणि सभासद व्हायला किमान एक पेटी पाळलेली असावी लागे. माझा मधमाश्यांशी संबंध त्या चावण्यापुरता. पण आमचे शेजारी हुदेत्स हे संघाचे चिटणीस. रेल्वेतून गार्ड म्हणून निवृत्त झालेले, त्यामुळे नियम पाळायची आणि वाकवायची दोन्ही सवय होती. त्यांनी त्यांच्या परसातली एक पेटी माझ्या नावावर दाखवली. वर बजावलं, "मास्तर, कुणी विचारलं तर यंदा मध कमी आला म्हणायचं. सगळे तेच म्हणतात."

व्लास्ता म्हणजे माझी बायको. ती आमच्याच शाळेच्या खानावळीत वाढायच्या खिडकीशी उभी असायची. ती खिडकी इतकी ठेंगणी, की पलीकडच्या माणसाचं तोंड दिसत नसे, ताट धरलेले हात तेवढे दिसत. पोरांना ती नखांवरून ओळखायची. घरी येऊन मला वाढायची, आणि स्वतः ओट्याशी उभी राहून जेवायची. बसून जेवलं की घास उतरत नाही, म्हणायची. इतकी वर्षं मी ते खरं मानलं, कारण ते मानणं सोयीचं होतं.

"व्हिएन्नात तुला काय काय बघायचंय?" मी तिला मोठ्या मनानं विचारलं. राजवाडे, चर्च, संग्रहालयं अशी सगळी आखणी माझी आधीच झालेली होती. तिनं काहीही सांगितलं असतं तरी ते त्यात बसलं असतं.

"मला काही बघायचं नाही," ती म्हणाली. "मला कॉफीहाउसात बसायचंय. खुर्चीवर. कुणीतरी तबकातून कॉफी आणायची, वर घुसळलेली साय घातलेली. आणि मी उठायचं नाही."

"बस?"

"बस."

"त्याला व्हिएन्ना कशाला पाहिजे? स्टेशनासमोरच्या हॉटेलात बस की."

"इथं सगळे मला ओळखतात, लोयझा. मी कुठंही टेकले तरी लोक म्हणतात, व्लास्ता, उठतेच आहेस तर जरा मीठ आण."

मी हसलो. ती हसली नाही. पुढच्या शनिवारी ती एकटी ब्रनोला जाऊन राखाडी रंगाची एक फेल्टची टोपी घेऊन आली. बाजूला छोटं पीस खोचलेलं. कॉफीहाउसात बायका टोपी घालून बसतात, असं तिला कुणीतरी सांगितलं होतं. रोज रात्री ती टोपी कपाटातून काढायची, आरशासमोर घालायची, आणि पुन्हा कागदात गुंडाळून ठेवायची. मला वाटलं, हौस आहे.

शेजारपाजाऱ्यांना बातमी कळली आणि सल्ले सुरू झाले. आमच्या गल्लीतलं कुणीही व्हिएन्नाला गेलेलं नव्हतं, त्यामुळे प्रत्येकाला तिथली खडान्‌खडा माहिती होती. समोरच्या बाई म्हणाल्या, तिथलं पाणी पिऊ नका. मागच्या बाई म्हणाल्या, तिथलं पाणी आल्प्समधून येतं, बाटल्या भरून आणा. हुदेत्स मात्र संध्याकाळी खास कुंपणापाशी आले.

"मास्तर, सगळं करा, पण कॉफीहाउसात पाऊल टाकू नका."

"का हो?"

"तिथला वेटर माणसाला नजरेनं मारतो. माझा मेहुणा गेला होता. वेटरनं फक्त त्याच्या बुटांकडं बघितलं. हा कॉफी न पिता बाहेर आला. चांगले बूट होते, अजून घालत नाही."

व्लास्ता आत ओट्याशी उभी होती. तिनं ऐकलं की नाही ते मला कळलं नाही. ती सहलीसाठी श्नित्सेलं, म्हणजे पावाच्या चुऱ्यात घोळवलेले मांसाचे पातळ काप, तळत होती. आमच्याकडे प्रवास म्हटला की पावात घातलेली श्नित्सेलं आलीच. मग प्रवास तालुक्याच्या दवाखान्यापर्यंत का असेना. शनिवारी सकाळी बस सुटली आणि गाव मागे पडायच्या आत पुढून मागून कागदांची खसखस सुरू झाली. ज्या शहरानं जगाला श्नित्सेल दिलं, त्या शहरात आम्ही एक बसभर श्नित्सेलं घेऊन निघालो होतो. ओपेराच्या पायऱ्यांवर रांगेनं बसून ती खाल्ली तेव्हा येणारेजाणारे आमच्याकडे बघत होते. हुदेत्सांचं म्हणणं पडलं की ते हेव्यानं बघतायत.

पहिला दिवस माझी अब्रू सांभाळण्यात गेला. बसमधून उतरल्या उतरल्या मी जाहीर केलं की आधी डॅन्यूब. मास्तर म्हणून माझा तो हक्कच होता. व्लास्ता नवे बूट घालून माझ्यामागे चालू लागली. बऱ्याच वेळानं एक पाणी आलं. अरुंद, दोन्ही बाजूंनी दगडी भिंती, मध्ये गढूळ हिरवं. मी टोपी काढून उभा राहिलो. शेजारी गळ टाकून बसलेल्या म्हाताऱ्याला मी माझ्या जर्मनमध्ये विचारलं, "डॅन्यूब?"

"कालवा," तो म्हणाला.

"आणि नदी?"

त्यानं क्षितिजाकडे हात केला. गळावरून नजर काढली नाही.

आता इथं शहाणा माणूस परतला असता. पण माझ्या डोळ्यांसमोर वर्गच्या वर्ग उभे राहिले, सगळे एका सुरात ओरडणारे. आम्ही चालत राहिलो. खरी नदी आली तेव्हा व्लास्ताच्या टाचांना फोड आले होते, आणि शहर आमच्या मागं इतकं लांब राहिलं होतं, की नदीच व्हिएन्नापासून जरा अंग चोरून वाहते असं मला कबूल करावं लागलं. तिनं काठावर बसून बूट काढले. "छान आहे नदी," ती म्हणाली. "कॉफी उद्या घेऊ." त्या पायांनी दुसरं काही शक्यच नव्हतं. रात्री एका चर्चच्या वसतिगृहात आमची सोय होती, बायका वरच्या मजल्यावर आणि पुरुष खाली. लग्नानंतरच्या पहिल्या परदेशी प्रवासात मी हुदेत्सांचं घोरणं ऐकत झोपलो.

रविवारची आखणी सोपी होती. सकाळी शॉनब्रुनचा राजवाडा, दुपारी कॉफीहाउस, पाचला बस. "कॉफी पहिली घेऊ या का?" व्लास्तानं सकाळी विचारलं होतं. तिनं टोपी घातली होती, आणि खरं सांगतो, ती टोपी तिला शोभत होती. मी म्हटलं, "कॉफी कुठं पळून जातेय?" म्हणजे जणू राजवाडा पळून जाणार होता.

राजवाड्यापुढं ही रांग. मी म्हटलं, गर्दी ओसरेपर्यंत मागची टेकडी बघून येऊ. टेकडीच्या कडेला जुनी झाडी आहे. आदल्या आठवड्यात पाऊस पडून गेलेला, त्यावर ऊन पडलेलं. पायवाटेवरून बाबागाड्या, कुत्री, रविवारचे कपडे घातलेली माणसं चालली होती. आणि वाटेपासून हाताच्या अंतरावर, ओकच्या बुंध्याशी, पाचोळ्यातून डोकं काढून एक ह्रिब उभा होता.

ह्रिब म्हणजे अळंब्यांचा राजा. जाड पांढरा देठ, वर भाजलेल्या पावाच्या रंगाची टोपी. आमच्या मोरावियात ह्रिब दिसला आणि माणूस पुढं गेला असं होत नाही. प्रेतयात्रेतला माणूससुद्धा वाकतो, आणि त्याला कुणी नावं ठेवत नाही. पण इथं सबंध व्हिएन्ना त्याच्या शेजारून चाललं होतं! ओपेरा ऐकणारी, चित्रं ओळखणारी माणसं, आणि पायाशी ह्रिब आहे हे एकालाही दिसू नये? मला त्या राष्ट्राची खरंच काळजी वाटली.

"नको, लोयझा," व्लास्ता म्हणाली. "आज नको."

"एकच."

मी वाकलो. तिनं घड्याळ पाहिलं, उसासा टाकला, इकडं तिकडं बघितलं, आणि मग तिचा आवाज बदलला. "त्याच्या डावीकडं. पानाखाली. आणि मागं अजून दोन आहेत." अळंब्यांच्या बाबतीत ती माझ्यापेक्षा कितीतरी वरचढ. मी शोधतो, तिला दिसतात. पुढच्या क्षणी ती गुडघ्यावर होती, चांगल्या पोशाखात, आणि देठ हलकेच फिरवून काढत होती.

दोन्ही हात भरले तेव्हा प्रश्न आला, ठेवायच्या कशात? माझ्याजवळ श्नित्सेलांची प्लास्टिकची पिशवी होती, पण ह्रिब प्लास्टिकमध्ये ठेवतात? त्यांना घाम फुटतो, मग ते काळे पडतात. माझी स्वतःची टोपी आदल्या दिवशी डॅन्यूबवर वाऱ्यानं गेलेली. मी व्लास्ताच्या डोक्याकडे बघितलं. तिनं माझ्याकडे बघितलं. मग तिनं ती राखाडी टोपी काढली, उलटी केली आणि माझ्यापुढे धरली. मी तिच्यात मातीसकट अळंब्या ओतल्या. त्या वेळी मला फक्त इतकंच दिसलं, की टोपी ऐसपैस आहे.

ती काठोकाठ भरली तेव्हा मागून खाकरल्याचा आवाज आला. गणवेशातला पहारेकरी होता, मिशाबिशा असलेला.

"हे काय चाललंय?"

माझं जर्मन लढाईच्या काळातल्या शाळेतलं. त्यात हुकूम उत्तम देता येतात, विनंती करता येत नाही. मी म्हणालो, "अळंब्या! आम्ही! घेत आहोत!"

"बागेत जे उगवतं ते तोडायला बंदी आहे."

"हे तोडलेलं नाही, फिरवून काढलंय."

त्यानं यावर खरंच विचार केला. मग आम्हाला फाटकाजवळच्या चौकीत नेलं. भिंतीवर नियमांचा फलक होता. फुलं तोडू नयेत, फांद्या मोडू नयेत, फळं, कवचाची फळं, पानं, शेवाळ. तो बोट लावून खालपर्यंत वाचत गेला. अळंब्या नव्हत्या.

"फळात बसेल का?" त्यानं मला विचारलं.

मी शिक्षक, खोटं सांगवेना. "शास्त्रीयदृष्ट्या नाही. वनस्पतीतही बसत नाही."

"मग साहेबांना विचारावं लागेल." त्यानं फोन केला. साहेब जेवायला गेले होते. आम्ही थांबलो. चौकीत एकच खुर्ची होती, ती त्यानं व्लास्ताला दिली. ती मांडीवर अळंब्यांची टोपी घेऊन बसली होती, केस विस्कटलेले, गुडघ्यांवर मातीचे दोन गोल. समोर घड्याळ होतं आणि ती त्याच्याकडे बघत होती. मी साहेबांवर, नियमांवर, साम्राज्याच्या ऱ्हासावर बोलत होतो. साहेब आले, त्यांनी अजून वरच्या साहेबांना विचारलं, आणि शेवटी निर्णय असा आला, की नियमात नसलेली गोष्ट बागेत घडू शकत नाही, सबब ती घडलेली नाही. संबंधितांनी ती घेऊन निघून जावं. पहारेकऱ्यानं आम्हाला सलाम ठोकला. राजवाडा आम्ही पाहिला नाही.

बाहेर आलो तेव्हा ऊन कललं होतं.

"चल," व्लास्ता म्हणाली. "बसकडे जाऊ."

"अगं, कॉफी?"

"वेळ नाही राहिला. असू दे." तिचा आवाज अगदी साधा होता. खानावळीत सूप संपल्यावर शेवटच्या पोराला ती याच आवाजात सांगायची, की आज संपलं बाळ. डॅन्यूब मी पाहिली, पहारेकऱ्याशी वाद मी घातला, अळंब्या मला हव्या होत्या. तिला एक खुर्ची हवी होती, आणि ती तिला मिळाली पहारेकऱ्याच्या चौकीत. मला फार वाईट वाटलं. मी तिचा दंड धरला आणि समोरून येणाऱ्या ट्रॅममध्ये चढलो. भूगोलाच्या मास्तराला शोभेल अशा खात्रीनं मी ती उलट्या दिशेची पकडली, पण उतरून दुसरी घेतली.

कॉफीहाउसच्या काचेच्या दाराशी ती थांबली. आत संगमरवरी टेबलं, पितळी दिवे, आणि खरोखरच टोप्या घातलेल्या बायका. एक उंच वेटर काळ्या कोटात, पांढऱ्या केसांचा, तबक खांद्याशी धरून फिरत होता. हुदेत्सांचा मेहुणा मला पहिल्यांदाच पटला.

"मी नाही येत," ती म्हणाली. "बघ ना माझ्याकडं. टोपीत माती आहे, लोयझा."

मी इकडं तिकडं पाहिलं. कोपऱ्यावर कचऱ्याचा डबा होता. "दे इकडं," मी म्हणालो. "टाकून देतो. झटकून घाल टोपी."

हे वाक्य मोरावियात जन्मलेल्या माणसाच्या तोंडून निघणं किती अवघड, ते मी कुणाला समजावू शकत नाही. व्लास्तानं माझ्याकडे असं पाहिलं, जसं तिनं बोहल्यावरही पाहिलं नव्हतं.

"वेड लागलं का तुला?" ती म्हणाली. "इतके कोवळे ह्रिब!" आणि टोपी छातीशी धरून तिनं दार ढकललं.

आम्ही खिडकीजवळच्या टेबलाशी बसलो. बाकी कुठं जागाच नसल्यामुळे टोपी टेबलाच्या मधोमध ठेवावी लागली. आसपासच्या टेबलांवरचं बोलणं मंदावलं. वेटर आला. त्यानं माझे बूट पाहिले. व्लास्ताचे विस्कटलेले केस पाहिले. मग टोपी पाहिली, आणि त्याची नजर तिथंच थांबली. मी घाईघाईनं माझ्या हुकुमी जर्मनमध्ये सांगितलं, "कॉफी! साय! दोन!" तो तसाच वळून गेला. व्लास्ताची बोटं मांडीवर एकमेकांत घट्ट अडकलेली होती. हाकलणार, असंच तिला वाटत होतं. मलाही.

तो परत आला ते चांदीचं तबक घेऊन. कॉफी, वर सायीचा डोंगर, शेजारी पाण्याचा पेला, त्यावर आडवा चमचा. एकेक वस्तू त्यानं व्लास्तापुढे अलगद मांडली. तिनं मदतीला हात पुढं केला. त्यानं मान हलवली. तिनं हात मागे घेतला. माझी कॉफी त्यानं माझ्यापुढे नुसती ठेवली. पण तो गेला नाही. त्यानं आजूबाजूला पाहिलं, कमरेत वाकला, आणि हळूच बोलला. मला नाही, तिला.

"बाईसाहेब, राग मानू नका. माझ्या सुट्टीच्या दिवशी मी पहाटेपासून रानं तुडवतो. यंदा एकही मिळाला नाही, अगदी एकही. हे... कुठं सापडले?"

मी भाषांतर करायला तोंड उघडलं. व्लास्तानं हात वर करून मला थांबवलं. जर्मन तिला येत नाही, पण या प्रश्नाला भाषांतर लागत नाही. आमच्याकडे सख्खा भाऊ सख्ख्या भावाला हा प्रश्न विचारत नाही. माझ्या सासऱ्यानं जाताना मुलीला घर दिलं, गाय दिली, पण अळंब्यांची जागा सांगितली नाही. आणि चुकून कुणी विचारलंच, तर त्याला उत्तर एकच असतं, आणि ते कसं द्यायचं ते आईच्या दुधाबरोबर येतं.

व्लास्तानं कप उचलला. सावकाश एक घोट घेतला. वरच्या ओठाला साय लागली, ती तिनं पुसली नाही. कप खाली ठेवला, खुर्चीला पाठ टेकली, आणि त्या उंच, पांढऱ्या केसांच्या माणसाकडे, त्याच्या पुऱ्या चेहऱ्याकडे, शांतपणे वर बघून ती आपल्या भाषेत म्हणाली, "रानात."

तो क्षणभर तसाच वाकलेला राहिला. मग सरळ झाला, टाचा जुळवल्या, आणि तिला इतकं खोल वाकून नमस्कार केला, की शेजारच्या टेबलावरची बाई आपल्या मैत्रिणीला विचारू लागली, या कोण म्हणून.

मी घड्याळ काढलं. तिकडे हुदेत्स बसच्या दाराशी उभे राहून शिट्टी मारायच्या तयारीत असणार. "व्लास्ता," मी म्हणालो, "बस जाईल."

"जाईना का," ती म्हणाली. "मला केकही खायचाय."

मी वेटरला बोलवायला अर्धा उठलो.

"बस तू," तिनं मला सांगितलं. "तो येईल."